थापटणं आणि पायरी

गणपतीच्या डोळ्यांची आखणी मी सतरा वर्षं करतेय. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत आमचं घर. शाडू मळणं, साचा, हातकाम हे सासरे आणि मालक बघतात, आखणी माझी. ती सगळ्यांत शेवटी. आधी पापणीची रेघ, मग बुबुळ, मग बुबुळात पांढरा थेंब. तो टेकवताना मी श्वास रोखते, कारण त्या थेंबानंतर माती आपल्याकडे बघायला लागते.

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी एका मंडळानं मूर्ती नेली आणि त्याच रात्री तिचा फोटो मोबाइलवरून गावभर फिरला. खाली लोकांनी लिहिलं होतं : डोळे तिरळे आहेत. देवाची विटंबना केली. बाईच्या हातात कुंचला दिल्यावर दुसरं काय होणार! रात्री दोनपर्यंत मी वाचत बसले. सकाळी कुंचला धरला तर हात कापायला लागला. चतुर्थी चार दिवसांवर, आणि अकरा मूर्ती डोळ्यांविना उभ्या.

मला एकच प्रश्न छळत होता. प्राणप्रतिष्ठेआधी ती माती, मग दहा दिवस देव, आणि अनंत चतुर्दशीला इराणी खणीच्या पाण्यात पुन्हा माती. यात माझं काय आहे? मी देवासाठी केलं म्हणते, तर मग बोल मला का लागले?

सासऱ्यांनी काही समजूत घातली नाही. माळ्यावरून दोन मडकी काढली आणि बोटाच्या पेरानं वाजवली. एक खणखणलं. दुसऱ्याला केसाएवढी चीर होती, ते बद्द वाजलं. म्हणाले, “वाजवल्याबिगर कळतंय व्हय? गोरोबाकाकांचं आठव.”

कुंभाराच्या घरात ही कथा कुणाला सांगावी लागत नाही. तेरला गोरोबांच्या घरी संत जमले होते. मुक्ताईनं थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कशाला? मडकं कच्चं की पक्कं ते बघायला, असं काका म्हणाले. मग आमच्यातलं कच्चं कोण तेही बघा, असं ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले. नामदेव तेवढे चिडले. हे मडकं कच्चं, असा निवाडा झाला. ज्यांच्या कीर्तनाला पंढरपूर लोटायचं, त्यांना भर बैठकीत! नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले. विठ्ठलानंही कड घेतली नाही, विसोबा खेचरांना गुरू कर म्हणून सांगितलं.

लहानपणी मला नामदेवांचं हसू यायचं. त्या सकाळी पहिल्यांदा त्यांच्यासाठी जीव तुटला.

मग तुकोबा आठवले. रामेश्वर भटांच्या विरोधामुळे त्यांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत सोडाव्या लागल्या, आणि ते तेरा दिवस काठावर बसून राहिले, असं परंपरा सांगते. नामदेवांवरचा ठपका खरा होता, तुकोबांवरचा खोटा. पण जिव्हारी दोघांच्याही लागलं. म्हणजे बोल किती लागला यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. मी तर दुखलं म्हणून सगळंच खोटं धरून बसले होते. आणि रात्र चढेल तसं दुखतंय म्हणजे सगळंच खरं असणार, असंही वाटायला लागलं होतं. त्या दोघांनी बोलणाऱ्यांशी भांडण मांडलं नाही. दोघेही ज्याचं काम करत होते त्याच्या दारात जाऊन बसले.

तिसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नसताना मी त्या मंडळाच्या मांडवात गेले. हात जोडले आणि नुसती बघत राहिले. डाव्या डोळ्यातला थेंब तिळाएवढा वर बसला होता. पहिल्या माणसाची नजर बरोबर होती. ‘विटंबना’ म्हणणाऱ्यानं आणि बाईच्या हाताला नावं ठेवणाऱ्यानं मात्र मडकं वाजवलं नव्हतं, दगड मारला होता. गोरोबाकाका थापटणं मारून कान देत होते. दगड मारणारा आवाज ऐकायला थांबत नाही.

तिथंच मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. ‘देवासाठी केलं’ म्हणत मी माझी चूक देवाच्या आड लपवत होते. काम देवाचं आहे, म्हणून चूक दुरुस्त करायची. नाव माझं आहे, त्यावर कुणाचा पाय पडला तर पडू द्यायचा. पंढरपूरच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे. एका थापटण्यानं चिडलेल्या त्याच नामदेवांनी संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून स्वतःसाठी पायरीची जागा मागून घेतली. विसोबांकडून इथवर यायला त्यांना किती वर्षं लागली असतील! त्यांची पदं तर पंजाबात गुरुग्रंथसाहिबात जाऊन बसली. मी अजून थापटण्यापाशीच आहे. हात मात्र आता कापत नाही.

यंदा आखणी झाली की मी मूर्तीसमोर आरसा धरते. डोळ्यांतला तिळाएवढा फरकही आरशात लगेच दिसतो. आणि बाईच्या हाताबद्दल लिहिणाऱ्याला मी उत्तर दिलं नाही. धाकट्या जावेला आखणी शिकवायला घेतलीय. काल तिनं पहिला थेंब टेकवला. श्वास तिनं रोखला होता, आणि आरसा धरून उभ्या असलेल्या मीही.