काळी आई

श्रीक्षेत्र कळंब येथे श्रीचिंतामणीच्या दर्शनास येणाऱ्या भाविकास पायऱ्या उतरून जावे लागते. देव येथे जणू भूमीच्या पोटातच विराजमान आहे. भाद्रपद चतुर्थीस पूजावयाची मूर्तीही पार्थिव, म्हणजे मातीचीच असते. सोने-रुपे असतानाही धर्माने हा मान मातीला दिला. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील भूमिसूक्त तर संपूर्ण तिलाच वाहिलेले आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या बहुतांश भागातील काळी माती ज्या बेसाल्ट खडकापासून झाली, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर पसरलेला लाव्हा होय. ऊन, पाऊस, झाडांची मुळे व असंख्य सूक्ष्म जीव यांनी तो खडक झिजविला. इंचभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. उतारावरून ती वाहून जाण्यास मात्र एखादा जोराचा पावसाळा पुरे. या मातीतील चिकण कण पाणी पिऊन फुगतात व उन्हाळ्यात आकसतात. म्हणूनच वैशाखात शेतांना खोल भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत उतरते, आणि पावसाळ्यात भेगा मिटल्या की खालची माती हळूहळू वर ढकलली जाते. ही भूमी स्वतःची नांगरट स्वतःच करते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शास्त्रज्ञांनीही तिला ‘व्हर्टिसॉल’ हे नाव उलथापालथ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून दिले.

माती निर्जीव नाही. चमचाभर सकस मातीत कोट्यवधी जीवाणू नांदतात. पहिल्या पावसाचा सुगंध मुख्यतः त्यांच्यातील एका कुळाने निर्मिलेल्या द्रव्याचा असतो. त्याच कुळातील एका जीवाणूपासून 1943 साली स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरील औषध सापडले. कपाशीशेजारी पेरलेल्या तुरीच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र पिकास मिळवून देतात.

या सर्वांचे अन्न म्हणजे पालापाचोळा, शेण व काडीकचरा. विदर्भाच्या कडक उष्म्यात मातीतील सेंद्रिय अंश लवकर विघटित होतो, म्हणून तो वरचेवर परत द्यावा लागतो. प्रत्यक्षात कापूस घरी येतो, पऱ्हाटी धुऱ्यावर जाळली जाते, आणि मातीच्या वाट्यास केवळ खताची पोती येतात. या जिल्ह्यातील कित्येक शेतकरी कुटुंबांवर ओढवलेल्या दुःखामागे कर्ज, भाव, पाऊस अशी अनेक कारणे आहेत. जमिनीचा खालावलेला कस हे त्यांतील कमी बोलले जाणारे कारण होय.

याच जिल्ह्यातील शेतकरी सुभाष शर्मा यांनी रासायनिक खते व कीटकनाशके सोडून वेगळी वाट धरली. गाय, झाडे, पक्षी व शेतातच अडविलेले पावसाचे पाणी यांच्या आधारे त्यांनी आपली जमीन पुन्हा सजीव केली. 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. प्रत्येकास तितके साधेल असे नाही. परंतु पऱ्हाटी न जाळता बारीक करून जमिनीत मिसळणे बहुतेकांच्या आवाक्यातील आहे.

भाविकांनीही निर्माल्य पिशवीत बांधून नदीत सोडू नये. ते शेतात वा घरच्या कुंडीत पुरावे. फुले-दूर्वा काही महिन्यांत मातीत मिसळून जातात. हारांचा दोरा व पिशवी मात्र आधी काढून घ्यावी.