नुसता टाइमपास?

आपल्याला आवडलेल्या सिनेमाविषयी बायका कशा बोलतात, ते कधी कान देऊन ऐका. सिनेमा रडवणारा असेल, त्याला पारितोषिक मिळालेलं असेल, तर "अगं, चुकवू नकोस" म्हणून चार घरी सांगतील. हसवणारा, हलकाफुलका असेल तर मात्र आवाज खाली येतो. "लागला होता, म्हणून बसले जरा. नुसता टाइमपास!" तोच सिनेमा ती पंधराव्यांदा बघत असते, पुढचा संवाद तिच्या ओठांवर तयार असतो, तरी त्याला चांगलं म्हणायला जीभ रेटत नाही. जे आपल्याला इतका आनंद देतं, त्याला आपण क्षुल्लक का म्हणतो? आणि म्हणावं का?

'अशी ही बनवाबनवी' घ्या. १९८८ सालचा, सचिन यांनी दिग्दर्शित केलेला. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६ सालच्या हिंदी चित्रपटाची, पण मराठीत ती अशी काही रुजली की परकी वाटतच नाही. दोन पुरुष साड्या नेसून वावरतात म्हणून आपण हसतो. पण गोष्टीच्या मुळाशी काय आहे? चार तरुणांच्या डोक्यावर छप्पर नाही, आणि घरमालकीण लीलाबाई जोडप्यांनाच जागा देणार. म्हणून दोघांना बायका व्हावं लागतं. मग एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं, असं करत करत लक्ष्मीकांत बेर्डेंच्या पार्वतीचं डोहाळजेवण करण्यापर्यंत मजल जाते. असत्य कधी एकटं येत नाही, हे आपण प्रवचनात कितीदा ऐकलंय. इथे ते पोट धरून हसता हसता कळतं. असं कळलेलं काही कमी प्रतीचं नसतं.

सई परांजपे यांचा १९८१ सालचा 'चश्मे बद्दूर' माझा याहून लाडका. दिल्लीत एकत्र राहणारे तीन मित्र. दीप्ती नवल धुण्याची पावडर विकायला दारात येते, मळलेलं कापड धुऊन दाखवते आणि फारूख शेख ते बघत बसतो. प्रेम जमतं ते धुण्यावरून! धुणं म्हणजे आपलं रोजचं, कुणी नावही घेत नाही असं काम. ते कुणीतरी इतक्या कौतुकानं पडद्यावर मांडलं, यातच मला गंमत वाटते. बाकीचे दोघे मित्र थापाडे. ती आपल्याला कशी भाळली याच्या गोष्टी रंगवून सांगतात, आणि त्या थापांमधून हिंदी सिनेमातल्या प्रेमगीतांचीच खिल्ली उडते. त्यांच्यामुळे जमलेलं मोडतं, आणि मग तेच जोडायला धडपडतात. सईद जाफरींचे पानवाले लल्लनमियाँ उधारी मागत राहतात, अन् उधार देतही राहतात. माणसं चुकतात, पण दुष्ट होत नाहीत. दोन तास अशा माणसांच्या सोबतीत बसून उठलं की शेजारचंही माणूस जरा बरं वाटायला लागतं.

आमच्या नात्यातल्या एका काकूंचे यजमान अडीच वर्षं अंथरुणाला खिळून होते. रात्रीचं औषध देऊन झालं की काकू आवाज बारीक करून हाच सिनेमा तुकड्यातुकड्यानं बघायच्या. कधी वीस मिनिटं, कधी दहाच. भेटायला आलेल्या एकीनं ते पाहिलं आणि बाहेर जाऊन म्हणाली, "नवरा असा पडलेला, अन् हिला सिनेमा सुचतोय!" मला ते बोलणं फार लागलं. काकूंनी रडका सिनेमा लावला असता, तर हीच बाई म्हणाली असती, बिचारीचं मन भरून येतंय. दुःखातल्या बाईनं रडलेलं चालतं. हसली की तिच्या सेवेवरच संशय. पण ती दहा मिनिटं हसून काकू उठायच्या आणि अंग पुसायला गरम पाणी घेऊन खोलीत जायच्या, तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी नसायची. याचा लाभ कुणाला झाला?

याला शास्त्रातून हरकत येऊ शकते, आणि ती टाळून चालणार नाही. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांत दुःश्रुती आहे. राग, द्वेष, मद, काम यांनी मन गढूळ करणाऱ्या कथा ऐकणं, म्हणजे दुःश्रुती. शिवाय हास्य हा तर नोकषायच. मान्य. पण त्याच नऊ नोकषायांत शोकही आहे, हे आपण विसरतो. दोन्ही एकाच पंक्तीत बसलेत. मग रडवणारा सिनेमा थोर आणि हसवणारा फालतू, हा भेद शास्त्रानं केलेला नाही. तो आपण केलाय.

साधूंची वाट वेगळी. आपण घरसंसारातल्या श्राविका. आपल्याला सांगितलंय ते भोगोपभोगाचं परिमाण, म्हणजे मर्यादा. मर्यादा घालायची तर वस्तू आधी मोजावी लागते. आणि मोजण्याची माझी कसोटी साधी आहे. सिनेमा संपल्यावर मन कसं आहे? कुणाच्या तोतरेपणावर, कुणाच्या रंगावर, लठ्ठपणावर हसवणारे सिनेमेही विनोदीच म्हणवतात. ते बघून उठलं की आपलीही जीभ धारदार होते. ती दुःश्रुती खरी. ज्यानं मन हलकं होतं आणि कुणाविषयी कडवटपणा उरत नाही, तिला त्या यादीत कशाला ढकलायचं?

दुसऱ्यांनी काय मोल केलं यावरही जाऊ नये. राजकुमार संतोषींचा 'अंदाज अपना अपना' १९९४ साली आला, तेव्हा चित्रपटगृहांत फारसा चालला नाही. पुढे घरोघरी टीव्हीवर लोकांनी तो इतका बघितला की आज त्याचे संवाद पोरंसुद्धा बोलतात. तिकीटबारीनं सोडलेलं घरांनी जपलं.

आपल्यातल्या बऱ्याच जणी चातुर्मासात सिनेमा सोडण्याचा नियम घेतात. चांगलंच आहे. पण घेताना म्हणतात, "त्यात काय मोठं? टाइमपासच तर होता." मग त्याग कसला झाला? घरातली रद्दी काढून दिली तर तिला आपण दान म्हणत नाही. नियम घ्यायचाच तर "मला हे फार आवडतं, म्हणून सोडते" असं म्हणून घ्या. त्यात आवडीचाही मान राहतो आणि व्रताचाही. आणि चार महिने झाल्यावर बघायला बसाल, तेव्हा सुनेला, लेकीला हाक मारून शेजारी बसवा. "लागला होता म्हणून" असं मात्र सांगू नका.