ताट वेगळं कशाला?

घरातल्या एखाद्या लेकराला रक्ताचा कर्करोग निघाला, की आमच्या उंद्रीसारख्या गावात दोन गोष्टी लगोलग होतात. ‘मुंबईला टाटा रुग्णालयात न्या’ असं चार जण सांगतात आणि कुणीतरी गुपचूप त्या लेकराचं ताट-पेला वेगळा काढतं. त्यामागे दुष्टावा नसतो. घरात आणखी लेकरं असतात आणि हा आजार लागतो की नाही, हे ठामपणे सांगणारं जवळपास कुणी नसतं.

ही भीती अडाणी म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. हाच प्रश्न विज्ञानानं अनेक दशकं उराशी धरला होता. १९०८ साली कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बांग यांना दिसलं, की कोंबड्यांचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, एकीकडून दुसरीला देता येतो. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या लुडविक ग्रॉस यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लांना आजारी उंदरांच्या पेशींचा पेशीविरहित अर्क टोचला, तेव्हा त्यांनाही ल्युकेमिया झाला. १९६४ मध्ये ग्लासगोत मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू सापडला. तो तर लाळेतून, एका भांड्यात खाण्यापिण्यातूनही पसरतो. म्हणजे मांजरांच्या बाबतीत ताट वेगळं काढणारा माणूस बरोबर ठरला असता!

मग माणसांचं काय? या प्रश्नाच्या वाटेवर आयुष्य घालणाऱ्यांत आपल्या संशोधक कमल रणदिवे होत्या. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या कमलताई मुंबईत कर्करोग-संशोधक डॉ. खानोलकरांच्या हाताखाली तयार झाल्या. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र शिकल्या. परत येऊन त्यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात भारतातली या तंत्राची, म्हणजे ऊतिसंवर्धनाची, पहिली प्रयोगशाळा उभारली. ल्युकेमिया, स्तनाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग हे त्यांचे विषय होते. रोगात वाटा कुणाचा, संप्रेरकांचा, आनुवंशिकतेचा की विषाणूचा, हे त्या शोधत राहिल्या.

हे वेगवेगळं ओळखायचं तर आधी उंदरांचा शुद्ध वाण हवा. त्यासाठी सख्ख्या भावंडांची जोडी लावत वीस पिढ्या न्याव्या लागतात, चार-पाच वर्षं सहज जातात. पेरणीसाठी ज्वारीची निवडक कणसं दरसाल बाजूला राखणाऱ्या शेतकऱ्याला ही चिकाटी सांगावी लागणार नाही. वाण हाती आला, की गाठी होणाऱ्या वाणाचं पिल्लू आईचं दूध पिण्याआधीच उचलून निरोगी वाणाच्या मादीखाली घालायचं. मोठेपणी त्याला गाठ झाली नाही, तर कारण आनुवंशिकतेत नव्हतं, दुधात होतं. अमेरिकेत बिटनर यांनी १९३६ मध्ये उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगाबाबत नेमकं हेच दाखवलं आणि पुढे त्या दुधात विषाणू निघाला. अशा कामाचं नाव कुठल्या औषधाच्या बाटलीवर लागत नाही. कमलताईंना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं, तरी आमच्या भागातल्या शाळांत त्यांचं नाव कितीसं घेतलं जातं?

माणसात ल्युकेमिया घडवणारा पहिला विषाणू अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेनं १९८० मध्ये जाहीर केला. त्यानं होतो तो प्रौढांचा, विरळा प्रकार. तो विषाणू आईच्या दुधातून, रक्तातून, शरीरसंबंधातून जातो. अंगात शिरला तरी बहुतेकांना कर्करोग होत नाही. लहान मुलांचा नेहमीचा ल्युकेमिया मात्र एका लेकराकडून दुसऱ्याला लागत नाही. हे ‘नाही’ आज डॉक्टर एका वाक्यात सांगतात. मला ते एखाद्या औषधाइतकंच मोलाचं वाटतं. कारण आजाराशी झुंजणाऱ्या लेकराला पंगतीतून उठवलं, तर ते दुखणं कुठली सलाईन बरं करणार?

आणि आता या आजाराची लेकरं खरोखर वाचतात. साठ वर्षांपूर्वी बहुतेक दगावत. आज प्रगत देशांत नेहमीच्या प्रकारातली दहापैकी जवळपास नऊ बरी होतात, आपल्याकडेही वेळेत पोचून उपचार पुरे करणारी पुष्कळ बरी होतात. सतत ताप, पांढुरकेपणा, मार न लागता अंगावर निळे डाग दिसले, तर रक्त तपासायला उशीर करू नये.

काळजी घ्यायचीच, तर ती उलट्या दिशेनं घ्यावी. केमो चालू असताना त्या लेकराची प्रतिकारशक्ती खालावते. त्याच्याकडून आपल्याला कर्करोग येत नाही, आपल्याकडून त्याला सर्दी, गोवर, कांजिण्या जाऊ शकतात. म्हणून हात धुऊन त्याच्याजवळ बसा, ताजं गरम जेवण वाढा आणि ज्याला खोकला आहे त्यानं चार दिवस लांब राहावं.