दुसऱ्यांदा चाललेली वाट

वाचनपाठ : २ तीमथ्य ४:९-१३



पेरणीचे दिवस आले म्हणजे खेड्यांतील मंडळ्यांत चाललेले वाचनाचे व शास्त्राभ्यासाचे वर्ग ओस पडूं लागतात, हें आम्हांस ठाऊक आहे. त्याबद्दल कोणास दोष देण्यासाठीं आम्ही लेखणी हातीं घेतलेली नाहीं. पाऊस कोणासाठीं थांबत नाहीं. आमचें दुःख निराळें आहे. पेरणी आटोपते, कोळपणी होते, सुगीही घरांत येते, तरी वर्ग सोडून गेलेलीं माणसें परत येत नाहींत. कारण विचारिलें तर उत्तर मिळतें कीं, "आतां सगळें विसरलों, पुन्हां पहिल्या धड्यापासून बसावयाची लाज वाटते." एका बाईंनीं तर आम्हांस सांगितलें कीं, "मुलगी चौथींत आहे. तिच्यासमोर पाटीवर ग, म, भ गिरवणें माझ्यानें व्हावयाचें नाहीं." उपदेशक बंधूंनीं हें दुसऱ्यांचें दुखणें समजूं नये. नेमणुकीपूर्वीं ज्यांनीं टिपणांच्या वह्याच्या वह्या भरल्या, त्यांतील पुष्कळांच्या हातीं आजही तींच टिपणें आहेत, आणि पुढचें वाक्य कोणतें येणार हें मंडळीस आधींच पाठ झालें आहे.

तेव्हां अभ्यास कसा आरंभावा हा आजचा विषय नव्हे. सुटलेला अभ्यास पुन्हां हातीं कसा घ्यावा, हें आपण पाहूं.

वरील पाठांत प्रेषित पौल तुरुंगांत आहे. त्याचे सोबती पांगले आहेत आणि आपला शेवट जवळ आला हें तो जाणून आहे. तो तीमथ्याला लवकर येण्यास सांगतो, आणि येतांना त्रोवस येथें कार्पाजवळ राहिलेला झगा व पुस्तकें, त्यांतही चर्मपत्रें अगत्यानें आणावयास सांगतो. झग्याची मागणी आपणांस समजते, कारण हिवाळा तोंडावर आला होता. पण पुस्तकें कशाला? जो गमलिएलाच्या चरणांपाशीं शिकला, ज्यानें मंडळ्यांस इतकीं पत्रें लिहिलीं, त्याला आतां काय वाचावयाचें राहिलें होतें? शिवाय हेंही लक्षांत घ्यावें कीं, तीं पुस्तकें त्याच्यापासून दूर पडलीं होतीं. प्रवास, खटले व बेड्या यांमुळें त्याचाही अभ्यास खंडित झाला होता. जी वस्तु हातची सुटली ती तो परत मागत आहे, आणि मागतांना त्याला संकोच वाटत नाहीं.

पौल हा प्रेषित होता, त्याची गोष्ट वेगळी, असें कोणी म्हणेल. म्हणून आपल्यासारख्याच एका कारागिराकडे वळूं. विल्यम केरी यांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांतील एका खेड्यांत झाला. त्यांचे वडील विणकर होते व पुढें गांवचे शिक्षक झाले. केरी स्वतः पोरवयांतच जोडे शिवण्याचें काम शिकावयास राहिले. धन्याच्या दुकानांत त्यांना नव्या कराराची एक टीका सांपडली, व तींत ग्रीक शब्द होते. ते शब्द ह्या पोरानें जसेच्या तसे कागदावर उतरून घेतले आणि आपल्या गांवच्या एका शिकलेल्या विणकराकडे नेऊन त्यांचा अर्थ विचारिला. पाठशाळा म्हणावी तर ती एवढीच. पुढें चामडें कापतां कापतां त्यांनीं लॅटिन, ग्रीक व इब्री ह्या भाषा आपल्या आपण शिकून घेतल्या. ते १७९३ सालीं बंगाल्यांत आले आणि १८३४ सालीं श्रीरामपुर येथें वारले. मध्यंतरीं एकदांही स्वदेशीं गेले नाहींत. आपलें चरित्र कोणीं लिहिलेंच तर नेटानें रखडत पुढें जाणारा माणूस एवढेंच म्हणावें, त्याहून अधिक म्हणणें फाजील होईल, असें त्यांनीं पुतण्यास सांगून ठेविलें होतें. हा निव्वळ विनय होता असें आम्हांस वाटत नाहीं. तें खरेंच होतें.

आतां ज्या गोष्टीसाठीं त्यांचें नांव काढिलें ती सांगतों. ११ मार्च १८१२ रोजीं सायंकाळीं श्रीरामपुरच्या छापखान्यास आग लागली. केरी त्या दिवशीं कलकत्त्यास होते. दुसरे दिवशीं मार्शमन साहेबांनीं जाऊन त्यांस बातमी सांगितली. कागदाचा मोठा सांठा जळाला, अनेक लिप्यांचे खिळे वितळून शिशाचा गोळा झाला. पण कागद व शिसें पैशानें पुन्हां मिळतें. जीं हस्तलिखितें जळलीं त्यांची दुसरी प्रत जगांत कोठेंच नव्हती. कानडी नव्या कराराचें भाषांतर, तेलुगु व्याकरण, पंजाबी व्याकरणाचा मोठा भाग, आणि संस्कृत व तिच्याशीं संबंध असलेल्या भाषांचा अनेक वर्षें खपून केलेला कोश, हें सर्व एका रात्रींत राख झालें. त्या वेळीं केरी पन्नाशी ओलांडलेले होते. पन्नाशीच्या माणसानें पुन्हां पहिलें पान उघडावें म्हणजे काय, हें ज्यांचें केलेलें काम कधीं वाया गेलें आहे त्यांस सांगावयास नको.

खिळे ओतण्याचे ठसे सुदैवानें वांचले होते. राखेंतून शिसें वेंचून त्याचे नवे खिळे ओतण्यास लगेच आरंभ झाला. केरीही पुन्हां लिहावयास बसले. त्यांचें पंजाबी व्याकरण त्याच १८१२ सालीं छापून निघालें, व तेलुगु व्याकरण १८१४ सालीं. एकदां तुडविलेल्या वाटेनें पुन्हां जाणारास ठेचा कमी लागतात, अशा अर्थाचें त्यांनीं त्या दिवसांत लिहिलें होतें. तो मोठा कोश मात्र पुन्हां कधींच पुरा झाला नाहीं. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण चिकाटी धरिली म्हणजे गेलेलें सर्व परत येतें असें खोटें आश्वासन आम्ही कोणास देणार नाहीं.

परंतु वाटेविषयींचें त्यांचें म्हणणें खरें आहे, आणि शेतकऱ्यास तर तें पटवून देण्याची गरजच नाहीं. जी जमीन एकदां वहितीखालीं आली ती दोन वर्षें पड राहिली तरी पुन्हां माळरान होत नाहीं. वर हरळी माजते, काटेरी झुडपें उगवतात. पण नांगर घातला म्हणजे मातीला पूर्वीची मशागत आठवते. अक्षरांचेंही तसेंच आहे. ज्या बाईंना आपण सर्व विसरलों असें वाटत होतें त्यांनीं पुन्हां पाटी हातीं घेतली, आणि पहिल्या खेपेस ज्या धड्यांस तीन महिने लागले ते तीन आठवड्यांत ओळखीचे झाले. आम्ही स्वतः तरुणपणीं ग्रीक शिकावयास बसलों आणि क्रियापदांच्या कोष्टकांपाशीं येऊन थांबलों. पुस्तक फळीवर राहिलें व त्याला वाळवी लागली. पुष्कळ वर्षांनीं दुसरी प्रत घेऊन बसलों तेव्हां अर्धीं कोष्टकें जुन्या शेजाऱ्यांसारखीं भेटावयास आलीं. उरलेलीं अर्धीं अजून आम्हांस छळतात, तो भाग निराळा.

ह्याच केरींनीं वैजनाथ नांवाच्या पंडितांच्या साहाय्यानें आपल्या मराठींत नवा करार उतरविला. तो १८११ सालीं छापला गेला. त्या मराठींत दोष होते, आणि मुंबईकडील भाषांतरकारांस तें काम पुढें नव्यानें करावें लागलें. त्यानंतर कित्येक वर्षांनीं केडगांव येथें पंडिता रमाबाईंनीं तें पुनः हातीं घेतलें, कारण खेड्यांतील साध्या बायांस समजेल असें भाषांतर त्यांस हवें होतें. संस्कृताच्या त्या एवढ्या गाढ्या पंडिता. तरी मूळ ग्रंथ वाचतां यावा म्हणून उतारवयाकडे झुकल्यावर त्या इब्री व ग्रीक शिकल्या. ज्यांना सारें शास्त्रीमंडळ मान देत असे त्यांनीं एका परक्या भाषेच्या अक्षरांवरून बोट फिरवावें, यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. त्या ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या, आणि त्यांचें संपूर्ण बायबल १९२४ सालीं छापून प्रसिद्ध झालें.

तर आमची विनंति ही. ज्या गांवीं वर्ग बंद पडला आहे तेथील पाळकांनीं किंवा उपदेशकांनीं या आठवड्यांत घरोघर जावें, आणि अमुक दिवशीं आरंभ आहे एवढेंच सांगावें. कोण किती विसरलें हें कोणीं विचारूं नये. पहिल्या संध्याकाळीं उपदेशकानेंही आपलें जुनें टिपण घरीं ठेवावें, न वाचलेला एखादा अध्याय उघडावा, आणि त्यांतील जो शब्द आपणांस अडतो तो सर्वांसमोर मोठ्यानें वाचावा. आणि त्या बाईंस सांगावें कीं, मुलीला बरोबर घेऊन या. पाटी दोघींना एक पुरेल.