वस्तू शिळी होते काय?

आमचे एक स्नेही आहेत, पंचाहत्तरी ओलांडलेले, वारी न चुकविणारे. त्यांचा मुलगा आणि सून नोकरीनिमित्त युरोपात असतात. २०१९ साली सूनबाईंनी तिकडच्या एका नावाजलेल्या दुकानातून चामड्याची एक पर्स घेतली. किंमत आम्ही येथे सांगत नाही. सांगितली तर वाचक लेख सोडून गुणाकारच करीत बसतील. पर्स घरी आली, चार दिवस कौतुक झाले, आणि पाचव्या दिवशी कोणा मैत्रिणीने आतल्या शिवणीशी दडलेली एक खूण वाचून दाखविली. तिच्यावरून असे निघाले की पर्स तयार होऊन दोन वर्षे झाली आहेत. झाले! सूनबाईंचे मन विटले. "बाबा, एवढे पैसे मोजून मला शिळा माल दिला हो," असे त्यांनी सासऱ्यांना फोनवर सांगितले, आणि सासऱ्यांनी तो प्रश्न जसाच्या तसा आमच्यापुढे आणून टाकला. "दोन वर्षे पडून राहिलेली वस्तू नवी म्हणून विकणे यात लबाडी आहे की नाही, ते सांगा. तुम्ही मासिकात लिहिता ना!"

खरे सांगावयाचे तर या विषयात आमची पोच पडशीच्या पलीकडे नाही. पडशी फाटली की शिवावी, फारच फाटली की दुसरी घ्यावी, एवढेच तिचे शास्त्र. परंतु प्रश्न नुसत्या पर्सचा नव्हता, सचोटीचा होता. म्हणून जाणत्यांकडे विचारपूस केली, थोडे वाचले. सूनबाईंचे दुकान कोणते हा मुद्दा नव्हे. मोठ्या पेढ्यांची तऱ्हा पुष्कळशी सारखीच आहे असे दिसले.

पॅरिसची लुई व्हिटॉन ही पेढी १८५४ सालची. प्रवासाच्या पेट्या करता करता ती पर्सांकडे वळली. १९८० नंतर तिने आपल्या मालात आतून एक खूण घालण्यास सुरुवात केली. अक्षरे कारखान्याची, आणि जोडीला चार आकडे. २००७ नंतरच्या मालात पहिला व तिसरा आकडा मिळून आठवडा होतो, दुसरा व चौथा मिळून वर्ष. म्हणजे ३१२८ असे असेल तर २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. एर्मेस ही दुसरी पेढी १८३७ सालची, मूळची घोड्यांचे साज करणारी. ती १९४५ पासून वर्षाला एक अक्षर उमटवीत आली. पुढे २०१५ च्या सुमारास अक्षरांचा क्रमच सोडून दिला, त्यामुळे बाहेरच्याला नुसत्या मोजणीने वर्ष सापडत नाही. २०२१ पासून व्हिटॉनने ते आकडे काढून आत चिप बसविली आहे, आणि चिप डोळ्यांना काहीच सांगत नाही. या खुणा गिऱ्हाइकाने वाचाव्यात म्हणून घातलेल्या नव्हत्याच. माल कोठे झाला, केव्हा झाला, हे कारखान्याला कळावे, दुरुस्तीला परत आला तर ओळखता यावा, यासाठी त्या होत्या. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख खाणाऱ्यासाठी असते. ही तारीख घरातल्या घरात बोललेल्या गोष्टीसारखी आहे, आणि ती बाहेरच्याच्या कानी पडली म्हणून हा सगळा घोटाळा.

आता माल इतका राहतो कसा? एक तर त्याचा आकार बदलत नाही. शनेल या पेढीची एक पर्स फेब्रुवारी १९५५ मध्ये निघाली. त्या महिन्या-वर्षावरूनच तिला 'दोन पंचावन्न' असे नाव पडले. ती पर्स आजही जवळजवळ त्याच घडणीत विकली जाते. ज्या वस्तूचे रूप सत्तर वर्षांत पालटले नाही, तिला दुकानाबाहेर पडण्यास दोन वर्षे उशीर झाला तर तिचे काय बिघडले? दुसरे, माल कारखान्यातून वखारीत, वखारीतून या देशात, तेथे एखादा रंग उठला नाही तर त्या देशात, असा फिरत असतो. तिसरे कारण आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपला कापडवाला दिवाळी सरली की उरलेल्या साड्या चार पैसे कमी करून काढून टाकतो. व्हिटॉनसारखी पेढी सेल लावीत नाही. किंमत उतरवायची नाही असे एकदा ठरले म्हणजे न खपलेल्या वस्तूला वाट पाहण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तेव्हा लबाडी आहे काय? आमच्या मते येथे शब्दाचाच घोटाळा आहे. शिळे हा शब्द अन्नाचा. भाकरी शिळी होते, भात शिळा होतो, फार तर गप्पा शिळोप्याच्या होतात. पण तांदूळ वर्षभर कोठीत राहिला तर त्याला आपण शिळा म्हणत नाही, जुना म्हणतो आणि वाण्याला पैसे जास्त देतो. जुनी चिंच, जुना गूळ तर वैद्य मुद्दाम मागतात. आणि तिसरा शब्द आहे राहिलेले. पंगत उठल्यावर परातीत राहिलेला लाडू शिळाही नसतो, जुनाही नसतो. तो कोणी उचलला नाही एवढेच. सूनबाईंची पर्स या तिसऱ्या जातीची. कोणी वापरलेली नाही, म्हणून नवी. दोन वर्षे कोणी घेतलेली नाही, म्हणून राहिलेली. दुकानदाराने नवी म्हटले यात खोटे काही नाही.

एवढ्यावर आमच्या स्नेह्यांचे समाधान झाले नाही. ते म्हणाले, "अहो, पण चामडे आहे ते! श्रावणात पखवाजाला बुरशी धरते ती काय आम्ही पाहिली नाही?" बरोबर आहे. कोरडी, अंधारी जागा असेल तर चांगले कमावलेले चामडे वर्षानुवर्षे टिकते. एर्मेसचे कारागीर दोन सुया आणि मेण लावलेला एकच लिननचा धागा घेऊन खोगिराची शिवण घालतात. एक टाका तुटला तरी पुढची शिवण उसवत नाही. अशी वस्तू दोन वर्षांनी काय, वीस वर्षांनीही हसत उभी राहील. पण सगळी पर्स चामड्याची नसते. आतले अस्तर, कडांचा रंग, चिकटद्रव्य हे पुष्कळदा कृत्रिम असते, आणि त्यातले काही हवेतल्या दमटपणाने, हात न लावताही, आतल्या आत सुटत जाते. माळ्यावर जपून ठेवलेले बूट चार-सहा वर्षांनी काढावेत आणि तळव्याचा भुगा हातात यावा, हा अनुभव पुष्कळांना असेल. जुन्या पर्सांतही खिशाचे अस्तर चिकट होऊन बोटांना लागते. तेव्हा काही माल खरोखरच फळीवर म्हातारा होतो. तो तसा होतो हे विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. येथे मात्र गप्प बसणे हे खोटे बोलण्याच्या फार जवळ जाते. विचारले असता तरी सांगितलेच पाहिजे, आणि आमचे मत विचाराल तर न विचारताही सांगावे.

किमतीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. शनेलची मधल्या आकाराची नेहमीची पर्स २०१९ च्या सुमारास अमेरिकेत पाच-सहा हजार डॉलरांना होती. २०२४ मध्ये ती दहा हजारांच्या वर गेली. समजा, एखादी पर्स जुन्या मजुरीत, जुन्या भावाच्या चामड्यात शिवली आणि दोन भाववाढी होईपर्यंत वखारीत राहिली. गिऱ्हाइकाने आजचा भाव का द्यावा? प्रथम आम्हासही हा अन्यायच वाटला. मग आठवला आपला कांदा. उन्हाळी कांदा शेतकरी चाळीत भरतो, चार-पाच महिने भावाची वाट पाहतो, आणि भाव आला तर आजच्या भावाने विकतो. पेरणीच्या वेळचा खर्च काढून कोणी त्याच्याशी हुज्जत घालीत नाही. परंतु त्याचा निम्माशिम्मा कांदा सडतो, आणि तो तोटा त्याच्याच माथी. पेढीच्या मालाला सड नाही, म्हणून तिची वाट पाहणे शेतकऱ्याच्या वाट पाहण्याइतके कष्टाचे नाही, हे खरे. तरीही याला साठेबाजी म्हणवत नाही. साठेबाजीचे पाप उपाशी माणसाच्या तोंडचा घास अडवून ठेवण्यात असते. पर्स दोन वर्षे मिळाली नाही म्हणून कोणाची चूल थंडावली असे ऐकिवात नाही.

उलट, माल ठेवून न देणारे काय करीत, ते ऐका. बर्बरी या इंग्रज पेढीने मार्च २०१८ ला संपलेल्या वर्षात कपडे, सुगंधी द्रव्ये वगैरे २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केला. हे तिच्याच हिशेबाच्या पुस्तकात छापलेले होते. बोभाटा झाला तेव्हा सप्टेंबर २०१८ मध्ये तिने ही रीत बंद केल्याचे जाहीर केले. फ्रान्सने २०२० साली असा माल नष्ट करण्याविरुद्ध कायदाच केला, आणि २०२२ पासून तो लागू होऊ लागला. स्वस्त मिळाली तर नावाची किंमत उतरेल, म्हणून कोणाच्या तरी बोटांनी घडविलेली कोरी वस्तू नाहीशी करावयाची! याच्यापुढे दोन वर्षे फळीवर ठेवून तिसऱ्या वर्षी पूर्ण किमतीला विकणे म्हणजे साधुत्वच म्हणावयाचे. सूनबाई ज्या पर्सवर रागावल्या ती निदान जिवंत राहिली होती.

हे सर्व आम्ही स्नेह्यांना सांगितले. त्यांनी ते तिकडे कळविले. तिकडून उत्तर आले की पटते, पण मनाला लागते. त्या लागण्यातच खरी गोष्ट आहे असे आम्हास वाटते. कारण वय हे दुखणे नव्हेच. १० जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये एका पर्सचा लिलाव झाला. जेन बर्किन या नटीसाठी एर्मेसने १९८५ मध्ये केलेली ती पहिली 'बर्किन'. तिने ती वर्षानुवर्षे रोज वापरली, तिच्यावर चिठ्ठ्या चिकटविल्या, आत नखे कापण्याचे हत्यार लोंबत ठेवले, आणि १९९४ मध्ये एड्सच्या रोग्यांसाठी निधी जमावा म्हणून देऊन टाकली. चरे पडलेली, चिठ्ठ्यांचे डाग असलेली ती पर्स सुमारे ८६ लाख युरोंना गेली, आपल्या हिशेबाने ऐंशी कोटींच्या वर. तेथे जुनेपण कोणाला खुपले नाही, वापरही खुपला नाही, कारण ती कोणाला तरी हवी होती. कोऱ्या पर्समध्ये खुपते ते एवढेच की दोन वर्षे कितीतरी बायका तिच्यासमोरून गेल्या आणि कोणी तिला हात लावला नाही. दुकानात पैसे मोजताना आपण चामडे आणि शिवण घेतो असे वाटते. त्याबरोबर इतरांच्या डोळ्यांतली हावही विकत घेतलेली असते, आणि शिवणीतली खूण सांगते की ती पुडीत नव्हती. त्या मालाची तक्रार दुकानाकडे करता येत नाही, कारण दुकानाने तो देऊ केलाच नव्हता.

यंदा गणपतीला सूनबाई घरी आल्या होत्या. स्नेह्यांनी मुद्दाम आम्हास जेवावयास बोलाविले. मुलगी मोठी गोड आणि कामाची. जेवणे झाल्यावर आम्ही भीतभीतच पर्स दाखवा म्हटले. त्या हसल्या. "आणली नाही काका. तिकडे कपाटात आहे, कापडी पिशवीत घालून खोक्यात ठेवलीये. एक-दोन लग्नांना काढली तेवढीच. खराब होईल ना!"

आम्ही मनाशी वर्षे मोजली. दुकानाच्या फळीपेक्षा त्या कपाटातच ती कितीतरी जास्त दिवस राहिली होती.