एका गोळीचा न्याय

एका अंगास ट्रॉम्बेचा डोंगर, दुसऱ्या अंगास ठाण्याची खाडी, आणि मध्ये चाळी, झोपड्या व लोकलगाडीची धावपळ, अशा मानखुर्दात राहून मोठ्या जनावरांच्या शिकारीविषयी लिहावे, हे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या शिकारीस बंदी केली, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेही संपले. मग हा विषय कशास? याकरिता की, त्याच्या पोटात एक प्रश्न आहे, आणि तो बंदूक कधी हाती न धरणाऱ्यासही चुकत नाही. बलवान मनुष्याने आपल्या बळास आपण होऊन मर्यादा घातली, तर तेवढ्याने त्याचे कृत्य न्याय्य ठरते काय?

अमेरिकेत व आफ्रिकेच्या काही भागांत आजही असे शिकारी आहेत की, ते मुद्दाम एकबारी रायफल वापरतात. तीत एका वेळी एकच काडतूस बसते. गोळी झाडली की नवे काडतूस हाताने घालावे लागते, आणि तेवढ्या वेळात जनावर निसटते किंवा अंगावर येते. हे लोक म्हणतात की, ज्याच्यापाशी एकच गोळी आहे तो उतावळेपणा करीत नाही. तो वारा पाहतो, जवळ जातो, नेम निश्चित झाल्यावाचून चापास बोट लावीत नाही, आणि साधले नाही तर मुकाट्याने घरी परततो. शिवाय जनावरास वाचण्याची संधी मिळते व शिकाऱ्यासही आपला जीव पणास लावावा लागतो. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. संयम हा सद्गुण आहे, आणि हाती सामर्थ्य असता ते न वापरणे हे तर त्याहून कठीण आहे.

तथापि इतिहासास विचारून पाहू. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अंमलदार वाघाच्या शिकारीस निघाला असता अजिंठ्याच्या लेण्यांपाशी येऊन पोहोचला, आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेविले. त्या काळी बंदुका ठासणीच्या होत्या. नळीत दारू व गोळी ठासावी, एक बार काढावा, आणि पुन्हा ठासावी. फार तर कोणी दोन नळ्यांची बाळगी. मागून काडतूस घालण्याची मार्टिनी-हेन्री रायफल इंग्रजी फौजेत १८७१ मध्ये आली, तीही एकबारीच होती. म्हणजे एका गोळीची मर्यादा ही तेव्हा कोणाची नीती नव्हती, निरुपाय होता. त्या निरुपायाने जनावरे वाचली काय? १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम व त्याचे सोबती यांनी सुमारे दहा वर्षांत दोनशेहून अधिक वाघ मारिले. बंदूक हळू चालत होती, परंतु हौस थकत नव्हती. ज्याला पुष्कळ मारावयाचे आहे, त्याला एकेक करून पुष्कळ मारिता येतात.

यावर कोणी म्हणेल, जलद हत्यारांनी त्याहून मोठा अनर्थ केला. ते खरे आहे. १९४७ मध्ये आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानात एका रात्री मोटारीच्या उजेडात तीन चित्ते मारण्यात आले, आणि १९५२ मध्ये हा प्राणी भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर करावे लागले. २०२२ मध्ये नामिबियाहून आठ चित्ते आणून कुनोच्या जंगलात सोडिले, ते त्या हानीची थोडीशी भरपाई व्हावी म्हणून. मोटार व दिवा यांची ठासणीच्या बंदुकीशी तुलना केली तर वेगात फरक मोठा दिसतो. परंतु खानदेशातील वाघापुढे काय किंवा कोरियातील चित्त्यापुढे काय, हा जीव घेण्याची गरज आहे काय, हा प्रश्न कोणी थांबून स्वतःस विचारिला असे दिसत नाही.

आता संधी देण्याच्या गोष्टीकडे वळू. आपल्या गावांत जत्रेस कुस्त्यांचा फड भरतो. तेथे दोघे पैलवान आपल्या खुषीने उतरतात, जोड पाहून लाविली जाते, आणि हरलेला मनुष्य माती झटकून घरी जातो. म्हणून त्या झुंजीस न्याय्य म्हणता येते. वाघाने किंवा गव्याने अशी कोणती कुस्ती कबूल केली आहे? त्यास खेळाचे नियम कोणी सांगितले? एकाने खेळ मांडावा, नियमही त्यानेच करावे, आणि दुसऱ्याने प्राण द्यावा, तेथे नियम कितीही उदार असले तरी त्यास बरोबरीचा सामना म्हणणे हा शब्दांचा खेळ होय. जो संधी देतो, तोच ती हिरावून घेणाराही आहे.

याहून मोठी अडचण अशी की, पहिला नेम चुकला तर ती एक गोळी दया न ठरता क्रूरता ठरते. पोटात किंवा जबड्यात लागलेले जनावर झाडीत शिरते, आणि दुसरे काडतूस घालीपर्यंत दिसेनासे होते. मग त्याच्या वेदनांस दिवसांचा हिशेब नाही. पुष्कळदा ही किंमत शिकाऱ्यास द्यावी लागत नाही, तर गावाने द्यावी लागते. कुमाऊंतील चंपावतची वाघीण जिम कॉर्बेट याने १९०७ मध्ये मारिली. तिच्या नावावर चारशेहून अधिक मनुष्यांचे बळी होते. तिच्या उजव्या बाजूचे सुळे मोडलेले आढळले, आणि ते जुन्या गोळीने मोडले होते. ती गोळी ज्याने झाडली त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. तो आपल्या घरी गेला, आणि लाकडे-गवत आणावयास गेलेल्या स्त्रिया मेल्या.

मग गरज खरोखर असते तेव्हा काय? मेंढरू तोंडात धरून नेणाऱ्या सिंहास व अस्वलास मारणारा दावीद आपणांस ठाऊक आहे. त्याने ते शौर्य मिरविण्याकरिता केले नाही, तर राखणदाराचे काम म्हणून केले. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा व राळेगाव या भागांत टी-१ नावाच्या वाघिणीवर तेरा मनुष्यांच्या मृत्यूचा ठपका होता. तिला पकडण्याचे प्रयत्न झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती गोळीने मेली. मागे दोन बछडे राहिले. पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु त्या वादात रायफलीत काडतुसे किती मावत होती, हे महत्त्वाचे ठरले नाही. तिला जिवंत धरणे शक्य होते काय, गोळी अटळ होती काय, नियम पाळले काय, हेच लोकांनी विचारिले. कायदाही हाच क्रम सांगतो. आधी पकडा, बेशुद्ध करा, दूर न्या, आणि ते होणार नाही असे ठरल्यावरच मारा. तेथे वाघिणीस निसटण्याची संधी द्यावी असे कोणी म्हणाला, तर ज्या घरातील कर्ता मनुष्य गेला ते घर त्यास काय उत्तर देईल?

एवढ्यावरून आम्हांस असे दिसते की, जेथे मारणे अगत्याचे आहे तेथे एका गोळीचे व्रत अस्थानी आहे, कारण तेथे खात्रीचे हत्यार हीच दया होय. आणि जेथे मारणे अगत्याचे नाही तेथे ते व्रत अपुरे आहे, कारण संयमाने केलेले अनावश्यक कृत्यही अनावश्यकच राहते.

गरज हीदेखील पुष्कळदा आपणच वाढवितो व आपणच कमी करू शकतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती २००४ मध्ये बिबट्यांनी अनेक मनुष्यांचे प्राण घेतले. पुढे अभ्यासकांनी दाखवून दिले की, बिबटे पकडून परक्या जागी सोडल्याने उपद्रव वाढू शकतो. उलट, कचरा उचलला तर त्यावर जगणारी कुत्री कमी होतात आणि कुत्र्यांमागे येणारा बिबट्याही कमी येतो. मुलास अंधारात एकटे न सोडणे व वस्तीत दिवा ठेवणे ही कामे रायफलीपेक्षा स्वस्त आहेत. मात्र त्यांत शिकाऱ्याची कीर्ती नाही.

मग त्या एकबारी शिकाऱ्यापासून शिकण्याजोगे काहीच नाही काय? एक गोष्ट आहे. तो ज्यास मारितो, त्यास पाहतो. लेवीयाच्या पुस्तकात शिकार करणाऱ्यास आज्ञा आहे की, मारलेल्या प्राण्याचे रक्त त्याने जमिनीवर ओतावे व मातीने झाकावे. त्यास मांस खाण्याची मोकळीक आहे, परंतु जीव गेला हे ओळखल्यावाचून पुढे जाण्याची मोकळीक नाही. आम्ही शहरवासी बंदूक धरीत नाही आणि म्हणून आपणांस निर्दोष समजतो. आपल्या खाडीवर दरवर्षी रोहित पक्षी येतात. २०१५ मध्ये त्यांच्याकरिता अभयारण्य झाले, आणि २०२२ मध्ये खाडीस रामसर स्थळाचा मान मिळाला. तरी २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरावर एका विमानाच्या धडकेने सुमारे चाळीस रोहित मेले. कोणी नेम धरिला नव्हता. खाडीत कचरा लोटणारा, तिवरांवर भराव टाकणारा, हाही नेम धरीत नाही, आणि त्यास मेलेले काही दिसतही नाही. ज्या हत्येकडे कोणी पाहत नाही, तिला मर्यादा कोण घालणार?

म्हणून, वाचकहो, हाती किती गोळ्या आहेत हा प्रश्न दुसरा आहे. हे करणे अगत्याचे आहे काय, आणि याने कोणाचा जीव जाईल, हा पहिला. रायफल असो, कुऱ्हाड असो, की कचऱ्याची टोपली असो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत हात आखडून धरावा.