पुन्हा तोच माणूस

निवडणूक निकालांचे जुने तक्ते वाचत बसण्याची मला सवय आहे, आणि ती कुणाला सांगताना थोडा संकोचही वाटतो. कारण वर्ष, मतदारसंघ, उमेदवार, पक्ष आणि मते यांपलीकडे ज्या पानांवर एक अक्षरही नसते, ती पाने कादंबरीसारखी उशाशी घेऊन वाचावीत असे त्यांत काय असते, याचे पटण्याजोगे उत्तर माझ्यापाशी नाही. सभा, घोषणा, रुसवे, फंदफितुरी, रात्रीच्या बैठका हे सारे गळून गेल्यावर मानवी आकांक्षेचे जे अस्थिपंजर उरते ते तिथे दिसते, एवढेच फार तर म्हणता येईल. बहुतेक नावे त्या तक्त्यांत एकदा उगवतात, दुसऱ्यांदा क्षीण होतात आणि तिसऱ्यांदा नाहीशी होतात. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या रकान्यात मात्र डोळा थबकतो. 1962, 1967, मग 1974 ची पोटनिवडणूक, 1978, 1980, 1985, 1990, आणि पुढे 1999, 2004, 2009, 2014. अकरा वेळा एकच नाव, एकच पक्ष, एकच तालुका : गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष, सांगोला. काळाने आपल्या नेहमीच्या कामात इथे कुचराई केली की काय, असा प्रश्न मनात येतो.

देशातला सर्वाधिक काळचा आमदार असा त्यांचा उल्लेख वृत्तपत्रांत वारंवार झाला. तो तितकासा काटेकोर नाही. केरळातल्या पाला या एकाच मतदारसंघातून के. एम. माणी 1965 ते 2016 या काळात 13 वेळा निवडून आले आणि एकदाही हरले नाहीत. पण आकड्यांच्या या चढाओढीत मला रस नाही, आणि ज्यांच्या नावाने ती चालते त्यांनाही तो असावा असे वाटत नाही. मला कुतूहल आहे ते पुनरावृत्तीचे. एखाद्या समाजाने एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा वळून ‘तूच’ असे म्हणावे, यात त्या समाजाचे शहाणपण असते की आळस?

प्राचीनांना याचे उत्तर ठाऊक होते, निदान तशी त्यांची समजूत होती. अथेन्सच्या 500 जणांच्या मंडळावर नागरिकाची निवड चिठ्ठी टाकून होई, आणि उभ्या आयुष्यात कुणालाही दोनदाच तिथे बसता येई. कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूरचा दहाव्या शतकातला, परांतक चोळाच्या काळातला शिलालेख याहून बोलका आहे. ताडपत्रांवर नावे लिहून ती घड्यात घालावीत आणि लहान मुलाच्या हाताने एक पत्र काढावे. ज्याने गेल्या तीन वर्षांत समितीवर काम केले आहे त्याचे नाव घड्यात घालू नये. आणि ज्याने समितीवर असताना हिशेब दिला नाही तो तर बाद, त्याचे नातलगही बाद. मंदिराच्या भिंतीवर कोरलेल्या त्या ओळींमागे माणसाच्या स्वभावाविषयी केवढा अनुभवी संशय दडलेला आहे! आसन माणसाला घडवते त्याहून अधिक बिघडवते, म्हणून तो तिथे रुळण्याआधीच त्याला उठवावे, हे त्या ग्रामसभेने कुणाही राज्यशास्त्रज्ञाच्या मदतीवाचून ओळखले होते. त्या घड्याने गणपतरावांचे, सांगोल्याच्या या वकिलाचे, नाव दुसऱ्या खेपेलाच बाहेर ठेवले असते.

पण उत्तरमेरूरची सभा तळ्यांची, बागांची, सोन्याच्या कसाची व्यवस्था पाहत असे. तिच्या समितीवर बसणे म्हणजे सत्ता हाती घेणे होते. गणपतराव अर्धशतकाहून अधिक काळ ज्या बाकांवर बसले ते बहुतांशी विरोधकांचे बाक होते. 1978 मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळात आणि 1999 मध्ये विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात ते होते. दोन्ही मुक्काम थोडक्या काळाचे. एरवी त्यांच्या वाट्याला आले ते समोरच्याला प्रश्न विचारण्याचे काम. वारंवार निवडून येणे आणि वारंवार सत्ता मिळणे या दोन गोष्टी आपण इतक्या सहज एक मानतो, की त्या अलग झाल्यावर काय दिसते याचा विचारच करत नाही. मला वाटते, तेव्हा जे दिसते ते साक्षीदाराचे काम असते. राज्य कोण करतो हे बदलत राहते. पाहणारा मात्र तोच असतो, त्याला मागचे आठवत असते, आणि पाच वर्षांच्या मुदतीवर चालणाऱ्या व्यवस्थेत आठवण असलेला माणूस ही सत्ताधाऱ्याला मोठी गैरसोय असते.

विधिमंडळाचा तारांकित प्रश्न ज्यांनी छापील पाहिला आहे त्यांना त्याची लय ओळखीची असेल. अमुक तालुक्यातील अमुक पाझर तलावाचे काम अपूर्ण आहे, हे खरे आहे काय. असल्यास, ते पूर्ण करण्यासाठी कोणती कार्यवाही केली आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि त्यावर शासनाचे उत्तर : होय, अंशतः खरे आहे, माहिती घेण्यात येत आहे, प्रश्न उद्भवत नाही. या शेवटच्या तीन शब्दांइतके निर्विकार वाक्य मराठीत दुसरे नसावे. नवखा आमदार त्यापाशी थांबतो. मुरलेला सदस्य उपप्रश्नाला उभा राहतो आणि मागच्या अधिवेशनात, मागच्या मंत्र्यांनी, याच तलावाविषयी काय आश्वासन दिले होते ते तारखेनिशी सांगतो. हे कसब आहे, आणि कुठल्याही कसबाप्रमाणे ते केवळ बुद्धीने येत नाही, बैठकीने येते. 1962 मध्ये, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, कुलाब्याच्या जुन्या विधानभवनात 264 जणांत बसलेला माणूस 2014 नंतर नरिमन पॉइंटच्या नव्या वास्तूत 288 जणांत बसलेला असतो, तेव्हा त्याच्या उपप्रश्नात नुसती माहिती नसते. मधली सगळी सरकारे असतात.

त्यांच्या एसटीच्या प्रवासाच्या कथा मी मुद्दाम सांगत नाही. लाल गाडीतल्या राखीव आसनावर आमदार खरोखरच बसलेला पाहून लोकांना नवल वाटावे, यात त्या आमदाराच्या साधेपणापेक्षा उरलेल्यांविषयीच अधिक सांगितले जाते.

तक्त्यातल्या दोन रिकाम्या जागांकडे मात्र मी पुन्हा पुन्हा वळतो. पहिली 1972 ची. त्या मार्च महिन्यात ते हरले, आणि त्याच वर्षी पाऊसही महाराष्ट्रावर रुसला. माणदेशाच्या या कोरड्या पट्ट्याला अवर्षण नवे नव्हते, पण असे अवर्षण म्हाताऱ्यांच्याही आठवणीत नव्हते. खडी फोडायला माणसे रस्त्यावर आली, त्यांच्या पोटाला सुकडी आली, मिलो ज्वारी आली. आणि ज्या माणसाने दुष्काळाविषयी सभागृहात उभे राहायचे तो नेमका त्या काळात सभागृहाबाहेर होता. निवडून आलेल्या आमदारांच्या निधनामुळे 1974 मध्ये पोटनिवडणूक झाली आणि ते परतले. ही दोन वर्षे नसती तर त्यांची पुढची चार दशके इतकी एकाग्र झाली असती का, हे कुणी सांगावे? पुढे रोजगार हमीचे खाते त्यांच्याकडे आले, ती हमी त्याच दुष्काळाच्या पोटी जन्मली होती.

दुसरी रिकामी जागा 1995 ची. शहाजीबापू पाटील यांच्याकडून ते 192 मतांनी हरले. शंभराहून अधिक गावांच्या या तालुक्यात तो फरक वाटून पाहिला तर गावामागे दोन मतेही भरत नाहीत. तेव्हा मतपत्रिका कागदाची होती आणि शिक्का शाईचा. घडी घालताना ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटली तर कोणता ठसा खरा आणि कोणता प्रतिबिंबाचा हे ओळखू यावे, म्हणून त्या शिक्क्यावरच्या बाणांची दिशा विचारपूर्वक आखलेली असे. मोजणीच्या टेबलाशी वाकून, दोन बोटांत कागद धरून, तो बाण डावीकडे वळतो की उजवीकडे हे पाहणारा कुणी प्रतिनिधी मला डोळ्यांपुढे दिसतो. तेहतीस वर्षांचे सार्वजनिक आयुष्य अशा वेळी बोटाच्या पेराएवढ्या शाईच्या ठिपक्यावर येऊन उभे राहते.

प्लुटार्कने सांगितलेली अथेन्सच्या अरिस्तायडीजची कथा इथे आठवल्यावाचून राहत नाही. हद्दपारीच्या मतदानाच्या दिवशी एका निरक्षर खेडुताने समोरच्या माणसाला न ओळखता आपल्या खापरीवर अरिस्तायडीजचे नाव लिहून द्यायला सांगितले. त्याने तुझे काय वाकडे केले, असे विचारल्यावर तो म्हणाला की काहीच नाही, मी त्याला ओळखतही नाही. पण जो तो त्याला ‘न्यायी, न्यायी’ म्हणतो, ते ऐकून मला वीट आला आहे. समोरचा माणूस अरिस्तायडीजच होता. त्याने नाव लिहून दिले. लोकशाहीत चांगुलपणाचाही कंटाळा येतो, आणि तो येण्याचा अधिकार मतदाराला आहे, हे मान्य करणे सज्जनांना जड जाते. सांगोल्याच्या त्या 192 जणांत कंटाळलेले किती आणि रागावलेले किती, हे कोणताही तक्ता सांगणार नाही. चार वर्षांनी लोकांनी त्यांना पुन्हा बोलावले, एवढे मात्र तो सांगतो.

साक्षीदार म्हटले म्हणून त्यांना तालुक्यात सत्ता नव्हती असे समजू नये. जिथे कापूस पिकत नाही अशा गावी सहकारी सूतगिरणी काढणे आणि राज्यातल्या कित्येक गिरण्या बुडत असताना ती चालती ठेवणे, हे सत्तेवाचून होत नाही. आटपाडीला 1993 पासून भरत आलेल्या पाणी परिषदेत नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासोबत 13 दुष्काळी तालुक्यांसाठी ते उभे राहिले, आणि कृष्णेचे पाणी टेंभू-म्हैसाळच्या पंपांनी टप्प्याटप्प्याने चढून या बाजूला येईपर्यंत एक अख्खी पिढी म्हातारी झाली. इतक्या संथ कामाला माणूसही तितकाच टिकाऊ लागतो. उत्तरमेरूरच्या नियमाला माझ्यापाशी एवढाच एक आक्षेप आहे : दरवर्षी माणूस बदलणाऱ्या समितीने तळी सांभाळली असती, पण नदी डोंगरावर चढवली नसती.

आणि पक्ष? केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी उभा केलेला शेकाप संस्थापकांच्याच परतण्याने आधी खचला. जेधे, मोरे काँग्रेसमध्ये गेले, यशवंतराव मोहितेही गेले. चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात मोठमोठी माणसे मिळवली गेली. गणपतराव त्या बेरजेत आले नाहीत. 2014 मध्ये ते पंचवीस हजारांच्या आसपास मताधिक्याने जिंकले तेव्हा त्यांच्या पक्षाचे सभागृहात अवघे तीन आमदार होते. निष्ठेचे कौतुक करावे तितके थोडे, हे मी म्हणेनच. पण एकाच माणसाच्या उंचीखाली सांगोल्यातला पक्ष एका नावापुरता होऊन राहिला, आणि गणपतरावांनंतर कोण या प्रश्नाचे उत्तर शेवटी घरातच शोधावे लागले, हेही म्हटले पाहिजे. हिशेब न देणाऱ्याच्या नातलगांना तो शिलालेख दाराबाहेर ठेवतो. ज्याने चोख हिशेब दिला त्याच्या नातवाविषयी तो काही बोलत नाही.

2019 मध्ये वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांनी उमेदवारी सोडली. नातू अनिकेत उभे राहिले आणि त्याच शहाजीबापूंकडून 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 रोजी सोलापुरात गणपतरावांचे निधन झाले. 2024 मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंचा पराभव केला. त्या निवडणुकीत 288 जागांच्या विधानसभेत शेतकरी कामगार पक्षाचा एकच आमदार निवडून आला, तो सांगोल्यातून.